गावचा जुना पाट पुन्हा वाहता कसा करावा: पांझराकाठच्या गावांसाठी, वेल्समधील एका कालव्याच्या अनुभवासह

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या काठाने पिंपळनेर-साक्रीकडून धुळ्याच्या खालच्या गावांकडे येताना दगड-चुन्यात बांधलेले जुने बंधारे आणि त्यांच्या कुशीतून निघालेले पाट जागोजागी आढळतात. त्यांतील काही पाट आजही फडांना, म्हणजे पाटाखालच्या शेतांच्या गटांना, पाणी देतात, काहींत वेड्या बाभळीचे रान माजले आहे, आणि काहींचा माग आता केवळ शेताच्या बांधाला आलेल्या अनपेक्षित वळणावरूनच लागतो. तीन-चारशे वर्षे जुनी मानली जाणारी ही व्यवस्था एखाद्या गावाने स्वतःच्या हिमतीवर पुन्हा उभी करायची ठरवली, तर काम कोणत्या क्रमाने करावे, हे येथे मांडले आहे. सोबतीला एक दूरचे उदाहरण घेतले आहे, ते वेल्समधील माँटगोमेरी कालव्याचे. तो कालवा होड्यांसाठी खोदलेला आणि आपला पाट शेतीसाठी, त्यामुळे बांधकामाचे सगळेच धडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. मात्र माणसे कशी जमतात आणि वर्षानुवर्षे कशी टिकतात, हे त्या कालव्याकडून शिकण्यासारखे आहे.

वेल्समध्ये काय घडले

सुमारे 35 मैल लांबीच्या या कालव्याला 1794 मध्ये संसदेची मंजुरी मिळाली आणि पुढील पाव शतकात तो टप्प्याटप्प्याने न्यूटाउन गावापर्यंत पोहोचला. होड्यांचा असला तरी त्याचा खरा जीव शेतीत होता. खाणीतील चुनखडी होड्यांतून यायची, काठावरच्या भट्ट्यांत भाजली जायची, आणि तो चुना सेव्हर्न नदीच्या वरच्या खोऱ्यातील शेतांत सुपीकतेसाठी पसरला जायचा. कालव्यात भांडवल घालणाऱ्यांत त्या भागातील जमीनदार मोठ्या संख्येने होते, कारण आपल्या जमिनी सुधारतील हाच त्यांचा लाभ होता. कालव्याला पाणीही आपल्याकडच्यासारखेच, टॅनट आणि सेव्हर्न या नद्यांवरील बंधाऱ्यांतून मिळत असे.

1936 मध्ये पेरी नदीजवळ कालव्याचा काठ फुटला. दुरुस्ती पूर्ण झाली नाही, आणि 1944 च्या कायद्याने तो वाहतुकीसाठी बंद झाला. त्याच कायद्याने लँगॉलेन कालवाही वाहतुकीतून वगळला होता; परंतु त्यातून पाणीपुरवठ्यासाठीचे पाणी पुढे न्यायचे असल्याने तो वाहता ठेवावा लागला, आणि त्यावरील 1805 सालचा पाँटकसिल्टे जलसेतू 2009 मध्ये जागतिक वारसास्थळ ठरला. पाणी वाहत राहिले म्हणून एक कालवा वाचला आणि पाणी थांबले म्हणून दुसरा गाळात गेला, ही गोष्ट फडाच्या गावांनी मनात ठेवावी.

माँटगोमेरी कालव्याचे नशीब 1969 मध्ये पालटले. वेल्शपूल गावाला वळसा घालणारा रस्ता कालव्याच्या पात्रातूनच नेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्या ऑक्टोबरमध्ये देशभरातून स्वयंसेवक तेथे जमले आणि गावातील कालव्याचा एक तुकडा त्यांनी हातांनी साफ केला. रस्त्याचा तो आराखडा पुढे बाजूला पडला. त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली आणि काम अजून चालू आहे. कालव्याचे काही भाग वाहतुकीला खुले झाले, काही अजून कोरडे आहेत. आपल्या गावातही हे काम एका उन्हाळ्यात संपेल अशी अपेक्षा कोणाला दाखवू नये.

आधी माणसे आणि कागद

फावडे हाती घेण्यापूर्वी गावातील वयस्कर मंडळींना, विशेषतः ज्यांनी पाटकरी (पाणी वाटणारा), जागल्या (पिकाची राखण करणारा) किंवा हवालदार (त्यांच्यावर देखरेख करणारा) म्हणून काम केले आहे अशांना, सोबत घेऊन बंधाऱ्यापासून पाटाच्या शेवटापर्यंत पायी फेरी करावी. ही फेरी सकाळी करावी आणि घाई करू नये. जुना पाटकरी एखाद्या बोरीच्या झाळीजवळ थांबतो, काठीने पालापाचोळा बाजूला सारतो, आणि खालून सांडमाचा घडीव दगड निघतो. त्या दगडावर पाण्याच्या जुन्या पातळीचा पांढुरका पट्टा अजून दिसतो. जादा पाणी नदीकडे परत सोडणारी ही सांडमे पाटाच्या सुरक्षिततेसाठी अत्यंत महत्त्वाची असतात, आणि नकाशात ती बहुधा नसतात. अशी प्रत्येक जागा मोबाइलवर नोंदवावी, तिचे छायाचित्र घ्यावे, आणि तिला गावात जे नाव आहे तेच नाव लिहावे. थळात, म्हणजे बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्रात, किती फड होते, चाऱ्या (पाटाचे लहान फाटे) कोठून फुटत, कोणत्या वर्षी कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात हंगामी पीक असे, पाळी कशी लागे, हे सगळे त्याच वेळी विचारून घ्यावे. एका फडात एकच पीक आणि दरवर्षी फडांची अदलाबदल हा या पद्धतीचा कणा आहे. तो समजून न घेता केवळ पाट खोदला, तर पाणी येईल पण त्याची वाटणी होणार नाही.

त्यानंतर कागदपत्रे पाहावीत. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा, गटांचे नकाशे आणि जुनी टिपणे यांच्या नकला काढाव्यात; पाटाची जागा सातबारावर कोणाच्या नावे आहे, पोटखराब (लागवडीस अयोग्य) म्हणून दाखवली आहे काय, हे तपासावे. 1880 साली प्रसिद्ध झालेल्या खान्देश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पांझरेवरील बंधाऱ्यांचा उल्लेख आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातही जुन्या कागदांचा मोठा संग्रह आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी धरल्यावर सुरुवातीच्या काळात जी कामे केली, त्यांत पांझरेच्या पाटासाठी बांधलेल्या सायफनचे (पाणी बंद नळातून पलीकडे नेणाऱ्या बांधकामाचे) काम होते. आपल्या भागातील पाटांना असा इतिहास आहे, हे गावातील मुलांना सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अतिक्रमणाचा प्रश्न येथेच उभा राहतो. पाटात कोणी विहीर पाडली असेल, कोणी गोठा बांधला असेल. अशा घरी पहिल्यांदा नोटीस न धाडता गावातील दोन-तीन वडीलधाऱ्यांनी जावे, "आबा, पाट तुमच्या गोठ्याच्या मागून नेला तर चालेल का?" असे विचारावे, आणि शक्य तेथे पाटालाच थोडे वळण द्यावे. पाटाच्या पाण्याचा वापर कोणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. मात्र हा मार्ग शेवटचा ठेवावा, कारण ज्याच्याशी खटला लढायचा त्याच्याच शेजारून पाणी न्यायचे असते.

बंधारा जलसंपदा विभागाकडे असो वा अन्य कोणाकडे, लेखी परवानगीशिवाय त्याच्या दगडाला हात लावू नये. ग्रामसभेचा ठराव, पाटाचा नकाशा आणि कामाचा अंदाज असा एकत्र प्रस्ताव द्यावा. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार स्थापन करता येत असेल, तर ती करावी. फडाचा कारभार पाहणाऱ्या जुन्या पंच कमिटीतील जाणती माणसे तिच्यात असतील, असे पाहावे.

एक तुकडा निवडणे

संपूर्ण पाट एकदम हाती घेऊ नये. वेल्शपूलच्या लोकांनी गावाच्या मध्यातून जाणारा तुकडा निवडला होता, आणि मला ती निवड फार शहाणपणाची वाटते: तो रोज सगळ्यांच्या नजरेस पडत होता. आपल्याकडे मात्र बंधाऱ्याच्या मुखापासून पहिल्या चारीपर्यंतचा भाग आधी घ्यावा, कारण तेवढ्यानेच एका फडाला प्रत्यक्ष पाणी मिळते. शेवटच्या फडातील शेतकऱ्यांना आपण विसरले जाऊ अशी भीती असते, म्हणून पुढच्या वर्षी कोणता भाग घ्यायचा हे पहिल्याच सभेत ठरवून इतिवृत्तात लिहावे.

वर्गणीही अशाच नेमक्या गोष्टीसाठी मागावी. माँटगोमेरी कालव्याच्या इंग्लंडमधील भागात क्रिकहीथजवळचा स्कूलहाउस पूल लोकांच्या देणग्या आणि स्वयंसेवकांचे श्रम यांतून नव्याने बांधला गेला. "पाटासाठी मदत द्या" या आवाहनापेक्षा "तिसऱ्या सांडमाच्या दुरुस्तीसाठी इतके रुपये हवेत" हे आवाहन लोकांना पटते. हिशेब चावडीवर लावावा, पुण्या-मुंबईला आणि सुरतेला गेलेल्या गावकऱ्यांनाही तो पाठवावा.

खोदाई आणि बांधकाम

रब्बीचे पीक निघाल्यापासून मृगाच्या आधीपर्यंतचा काळ या कामासाठी योग्य आहे. होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) या दिवसांत माहेरवाशिणी आणि बाहेरगावची मंडळी गावात येतात, त्यामुळे श्रमदानाला माणसेही मिळतात.

झाडोरा काढताना काठ धरून ठेवणारी मोठी झाडे राखावीत आणि वेडी बाभूळ मुळासकट काढावी. दगडांच्या फटींत घोणस व फुरसे असतात. हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे आणि पायांत बूट असावेत. गाळ उपसताना मूळ तळाच्या खाली जाऊ नये. वर्षानुवर्षे पाण्याने बसलेला तळ घट्ट असतो आणि तोच पाणी धरतो. वरचा गाळ थरांचा, भुसभुशीत आणि सहज सुटणारा असतो. कुदळीचा आवाज बदलला की थांबावे. जेसीबीने काम लवकर होते, परंतु चालकाला हा फरक कळत नाही, म्हणून यंत्र लावायचेच असेल तर शेवटचा वीतभर थर हातांनी काढावा. उपसलेला गाळ काठावर ढीग करून ठेवल्यास पहिल्या पावसात परत पाटात येतो. तो शेतांत पसरावा.

उतार मोजण्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी पुरते. साधारण शंभर फुटांवर एक-दोन इंच उतार मातीच्या पाटाला पुरेसा होतो. जास्त दिला तर पाणी तळ खरवडते, कमी दिला तर गाळ बसतो. दर टप्प्याला खुंटी ठोकून तिच्यावर पातळीची खूण करावी.

जुन्या दगडी बांधकामाच्या दरजा, म्हणजे दगडांमधील सांधे, सिमेंटने भरू नयेत. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असते, आतील ओल अडकवते, आणि काही वर्षांनी तेथील दगडाच्या कडा फुटतात. भिजवून मुरवलेला चुना, वाळू आणि सुर्खी, म्हणजे विटांची पूड, यांचे मिश्रण वापरावे. सुर्खीमुळे चुना ओलीतही पकड घेतो. काम झाल्यावर ते ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावे. चुन्यात काम केलेला गवंडी आजूबाजूला असेल, तर त्याच्या हाताखाली गावातील दोन तरुण द्यावेत.

काठाला खेकड्यांची आणि घुशींची बिळे असतात. नुसती काळी माती भरली तर ती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तीत मुरूम मिसळून, पाणी मारून, थराथराने धुम्मसाने ठोकावी.

नदीच्या बाजूनेही एक गोष्ट पाहावी. वाळूउपशामुळे पात्र खाली गेले असेल, तर बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो आणि पाटाच्या मुखाशी पाणी चढत नाही. अशा वेळी अभियंत्याकडून पाहणी झाल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नये, आणि उपसा थांबवण्याचा ठराव ग्रामसभेने आधी करावा.

पाणी सोडण्याचा दिवस

पहिले पाणी अगदी थोडे सोडावे. कोरडा तळ ते भराभर पिऊन टाकतो. पुढे सरकणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी काटक्या, वाळकी पाने आणि मुंग्यांचा फेसाळ पुंजका असतो, आणि तो माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालतो. प्रत्येक वळणावर एक माणूस फावडे घेऊन उभा असावा, काठातून पाणी झिरपताना दिसले की तेथेच थांबवून बीळ बुजवावे. दोन-तीन दिवस पाट असा भिजला की माती फुगून फटी मिटतात, मगच पूर्ण पाणी द्यावे.

हा दिवस गावाने साजरा करावा. माँटगोमेरी कालव्यावर सायकल, होडी आणि पायी चाल अशी एकत्रित फेरी भरवली जाते, वेल्शपूलला अपंग आणि वृद्धांना होडीतून फिरवण्याची सोयही आहे. आपल्याकडे आखाजीच्या झोक्याजवळ, किंवा खान्देशातील कानबाई देवीच्या विसर्जनासाठी गाव नदीवर येते तेव्हा, पाटावर शाळेतील मुलांची फेरी काढता येईल; जुन्या पाटकऱ्याच्या हातून चारीचे दार उघडावे आणि फडांचा नकाशा मुलांकडून भिंतीवर रंगवून घ्यावा. ज्यांना चालवत नाही अशा आजी-आजोबांना बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून पाटापर्यंत न्यावे.

सजीवसृष्टीचाही विचार असू द्यावा. माँटगोमेरी कालवा ओस पडला असताना त्यात एक दुर्मिळ तरंगती पाणवनस्पती वाढली, आणि तिच्यासाठी कालव्याच्या बाजूला वेगळी तळी करावी लागली. आपल्या पाटात ओलीचे डबके असेल आणि तेथे पक्षी-बेडूक असतील, तर सांडमाखालचे असे एखादे डबके मुद्दाम राखावे.

पाणी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पाटकऱ्याची नेमणूक आणि त्याचा मोबदला ठरवावा. फडपद्धतीत पाणी पाटकरी देत असे, शेतकरी स्वतः दार उघडत नसे, आणि त्यामुळे भांडणे कमी होत. मोबदला धान्यात असो वा पैशात, तो जमिनीच्या प्रमाणात सर्वांनी द्यावा, वेळेवर द्यावा, आणि त्याची नोंद वहीत असावी. त्याच वहीत दर महिन्याला पाट कोठे फुटला, कोणत्या फडाला किती पाळ्या मिळाल्या आणि कोणती चारी साफ करायची राहिली हे लिहावे. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सभेत ती वही वाचून पुढच्या उन्हाळ्याचा तुकडा नक्की करावा.