लिंडेनचं बोन्साय करताय? या चुका टाळा

लिंडेन हे थंड प्रदेशातलं पानझडी झाड छाटणीला घाबरत नाही. युरोपात हे झाड शतकानुशतकं बुंध्यापाशी तोडून पुन्हा फुटू देतात. जुन्या लाकडातूनही त्याला डोळे (नवे अंकुर) येतात. त्यामुळे नवखा निर्धास्त असतो: फांदी चुकली तर दुसरी येईल. येतेही. पण मी पाहिलेली बहुतेक फसलेली झाडं बुंध्यामुळे फसली होती, आणि ती चूक रोप विकत घेतानाच झालेली होती.

नर्सरीतलं लिंडेन सहसा रस्त्याकडेला सरळसोट वाढावं म्हणून तयार केलेलं असतं. पाटीवर ‘ग्रीनस्पायर’ किंवा ‘विंटर ऑरेंज’ असं जातीचं नाव दिसलं, तर ते बहुधा कलम असतं. सांध्याखाली एक साल, वर दुसरी, आणि मधे फुगवटा. बागेत तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. बोन्सायमध्ये नजर आधी तिथेच जाते. वय वाढलं की तो झाकला जाईल, ही आशा सोडा, बऱ्याचदा तो आणखी उठून दिसतो. आधीच घेतलं असेल तर सांध्याच्या वर गुटी बांधून तिथे नवी मुळं फोडा; लिंडेनला मुळं बऱ्यापैकी धरतात. नवं घेणार असाल तर बियांपासून वाढवलेलं, छोट्या पानांचं टिलिया कॉर्डाटा शोधा. (इंग्रजीत याला ‘लाइम’ही म्हणतात. लिंबाशी नातं काहीच नाही.) अमेरिकन लिंडेनची पानं तळहाताहून मोठी होतात, लहान कुंडीत ती कधीच शोभत नाहीत.

दुकानातच वरची माती बोटाने उकरून पाहा. मुळांचा खरा पसारा अनेकदा खाली गाडलेला असतो आणि एखादं मूळ बुंध्याला वेढा घालून बसलेलं असतं. ते नंतर खोड आवळतं. सोडवायची वेळ म्हणजे डोळे फुगू लागले की, पानं उघडण्याआधी. मात्र त्याच हंगामात खोडही बुटकं करू नका. दोन्ही एकदम केलं आणि झाड खचलं, तर कारणही कळत नाही.

मोठ्या कापांबाबत जपून. लिंडेनचं लाकूड मऊ, म्हणूनच कोरीवकाम करणाऱ्यांचं लाडकं. पण उघडं राहिलं की कुजतं. ज्युनिपरसारखं पांढरं मृत लाकूड यावर मिरवायला जाऊ नका. काप डोळ्याच्या वर घ्या, मलम लावा, मोठी फांदी टप्प्याटप्प्याने आखूड करा.

पानं लहान होत नाहीत, ही नेहमीची तक्रार. पण खोड जाड करण्याच्या काळात ती मोठीच हवीत. सारखं खुडत राहिलात तर खोड काडीच राहील. आकार बसल्यावर मात्र फुटवा लांबू लागताच दोन पानांवर खुडा, नाहीतर पेरं लांबतात. ज्या वर्षी कुंडी बदलली त्या वर्षी पानं लहान व्हावीत म्हणून ती सगळी काढू नका.

पानांच्या कडा करपल्या की लोक लगेच पाणी वाढवतात. आधी माती चाचपा. ती ओली असेल तर दोष मुळांचा, कोरडी असेल तर ऊन-वाऱ्याचा.

पानं चिकट म्हणजे मावा, आणि मागोमाग काळी काजळी. जोरात पाणी मारून धुवा. पानावर उभे राहिलेले लाल काटे सूक्ष्म कोळ्यांमुळे (डोळ्यांना न दिसणाऱ्या किडींमुळे) येतात, त्यांच्यासाठी औषध मारण्यात अर्थ नाही. तार बांधली तर दर दोन आठवड्यांनी पाहा, कोवळी साल लवकर रुतते.

आणि पानगळ झाल्यावर घाबरून झाड घरात घेऊ नका. त्याला थंडीतली झोप लागते. पाणी गोठवणारी कडाक्याची थंडी पडत असेल तर झाकायची ती फक्त कुंडी.