'मिस्टर रोबोट'चा सहावा भाग थांबवत थांबवत कसा पाहावा

नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा, त्यामुळे हॅकरांवरच्या मालिका बघताना मी सहसा वैतागतो. स्क्रीनवर हिरवी अक्षरं धावायला लागली आणि कुणी "आत शिरलो!" म्हणालं की रिमोट शोधतो. 'मिस्टर रोबोट'च्या पहिल्या सीझनचा सहावा भाग मात्र मी लोकांना मुद्दाम बघायला लावतो, कारण त्यात हॅकिंग फसतं, तेही पुन्हा पुन्हा.

आधी योग्य भाग लावा. मोजणी शून्यापासून आहे, त्यामुळे नावात 1.5 दिसेल. नावं व्हिडिओ फाइलींसारखी आहेत, याच्या शेवटी 'एएसएफ' येतं. 29 जुलै 2015 ला तो अमेरिकेत यूएसए नेटवर्कवर दाखवला गेला.

पहिल्यांदा सलग बघा. गोष्ट सोपी आहे. तुरुंगातला गुंड व्हेरा मालिकेचा नायक, हॅकर एलियटला धमकावतो की आज रात्री मला बाहेर काढ, नाहीतर तुझ्या मैत्रिणीचं, शायलाचं काही खरं नाही. शेवट सांगत नाही.

दुसऱ्यांदा बघताना कागद घ्या आणि प्रत्येक प्रयत्नापाशी थांबून एकच गोष्ट लिहा: इथे कोणी कशावर भरवसा टाकला?

एलियटची साथीदार डार्लीन आवारात पेनड्राइव्ह टाकते आणि एक पोलीस तो उचलून संगणकाला लावतो. इथे थांबा. हे अतिरंजित वाटतं, पण नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी आवारात 297 पेनड्राइव्ह टाकून पाहिले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात युक्ती किमान 45 टक्के वेळा साधली होती. आता पुढे चालू करा. अँटिव्हायरस बोंब मारतो, पोलीस पेनड्राइव्ह उपटतो, खेळ खलास! घाईत जमवलेला, आधीच ओळखीचा झालेला कोड पकडला जाणारच. एलियट तिच्यावर उखडतो तो संवाद नीट ऐका. मला अख्ख्या भागात हाच प्रसंग सगळ्यात आवडतो.

मग वायफाय. व्हेराला भेटायला जाताना एलियट फोनवरून आजूबाजूची नेटवर्कं हुडकतो, तर सगळीकडे डब्ल्यूपीए2, म्हणजे वायफायचं भक्कम कुलूप. उपकरण नेटवर्कला जोडलं जातानाची देवाणघेवाण पकडता येते, पण त्यातून पासवर्ड काढायचा तर एकेक अंदाज तपासत बसावं लागतं. पासवर्ड लांबलचक असेल तर एका रात्रीत ते होत नाही. इथे कागदावर 'वेळ' एवढंच लिहा.

तिसरी वाट पोलिसांच्या गाडीतल्या लॅपटॉपची. एलियट त्याच्या ब्लूटूथ कीबोर्डचं सोंग घेऊन त्यात शिरतो. मालिकेने इथे सूट घेतली आहे. नुसता पत्ता नकलून भागत नाही, कारण नीट जोडलेली उपकरणं आपसात ठरलेली किल्लीही तपासतात. पण कल्पना खरी आहे: कीबोर्डवरून जे येतं ते मालकानेच टंकलं, असं संगणक धरून चालतो.

शेवटी येतो पीएलसी, म्हणजे कोठड्यांची दारं उघडबंद करणारा नियंत्रक. कारखान्यांतली यंत्रंही अशाच पीएलसींवर चालतात. 2010 साली उघड झालेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरचा मारा सीमेन्सच्या पीएलसींवरच होता, आणि 2011 च्या डेफ कॉन या हॅकरांच्या संमेलनात तुरुंगांच्या पीएलसींमधल्या त्रुटींवर सादरीकरणही झालं होतं. तेव्हा 'असं कुठे असतं का?' म्हणत हा प्रसंग पुढे ढकलू नका.

यातलं काही करून बघायचं असेल तर स्वतःच्या यंत्रांवर, स्वतःच्याच राउटरवर.

हा भाग पचला की चौथ्या सीझनचा पाचवा लावा. तिथे नावं वेबसर्व्हरच्या एररवरून आहेत, या भागाचा आकडा 405. संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सबटायटल्सचा आधार मिळत नाही. हातात काय आहे आणि स्क्रीनवर काय दिसतंय, ते स्वतःच वाचावं लागतं.