एएफएमच्या (अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपून बल मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) टिपवर एकच रेणू: माझा अनुभव
पुण्यात जुलै म्हणजे हवेत नुसता ओलावा, आणि एपीटीईएसला (टिपवर रेणू जोडायच्या आधी लावायचं सिलेन रसायन) नेमकं तेच चालत नाही. पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये सिलिकॉन नायट्राइडच्या टिपवर बायोटिन (एक जीवनसत्त्व) लावून स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनाशी त्याची पकड मोजायची होती, पण टिप मागे घेतली की फोर्स कर्व्हमध्ये (बलाच्या आलेखात) एका झटक्याऐवजी करवतीसारखे दातेच दाते, म्हणजे एकदम बरेच रेणू चिकटत होते, वर सिलेनचे गोळे बसलेले ते वेगळेच. मग टिप एपीटीईएसच्या द्रावणात बुडवणं बंद केलं, डेसिकेटरमध्ये (ओलावा बाहेर ठेवणाऱ्या बंद भांड्यात) आर्गॉन भरून एपीटीईएसची वाफ दिली, बाटलीही नवी फोडली (जुनी अर्धी भरलेली असली तरी मोह टाळा राव). बायोटिनवाल्या पीईजीत (टिप आणि बायोटिन जोडणारा लवचिक धाग्यासारखा रेणू) बायोटिन नसलेला साधा मिथॉक्सी पीईजी भरपूर मिसळला, त्याने टोकावर बायोटिन विरळ झालं. आता बहुतेक कर्व्ह कोरे येतात आणि तेच पाहिजे, कारण क्वचित येणारा झटका एकाच बंधाचा असायची शक्यता जास्त. पीईजी ताणला गेला की तुटायच्या आधी रेघ वाकते, ती खूण बघा. आणि लिक्विड सेलमध्ये (टिप बुडालेली असते त्या द्रवाच्या कप्प्यात) मोकळं बायोटिन सोडल्यावर ते स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा अडवतं, म्हणून झटके जवळजवळ गायब व्हायलाच हवेत, आमचे झाले. हां, पिकोन्यूटनचा (बलाचा) आकडा सांगाल तेव्हा लोडिंग रेटही (बल किती वेगाने वाढवलं ते) सांगा, जोरात ओढलं की आकडा वाढतो.