मेक्सिको सिटीच्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रातला दिवस कसा काढावा

मॉर्मन या नावाने जगभर ओळखले जाणारे, पण २०१८पासून आपले ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नावच वापरावे असा आग्रह धरणारे जे चर्च आहे, त्याचे तरुण प्रचारक सेवेवर निघण्याआधी काही आठवडे प्रशिक्षण केंद्रात राहतात. मुलांची सेवा दोन वर्षांची आणि मुलींची दीड वर्षाची असते. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये सेवेसाठीचे किमान वय मुलांसाठी १८ आणि मुलींसाठी १९ इतके खाली आणले गेले, तेव्हा प्रचारकांची संख्या एकदम वाढली आणि यूटामधील प्रोव्होचे मुख्य केंद्र अपुरे पडू लागले. पुढच्याच वर्षी चर्चने मेक्सिको सिटीतील ‘बेनेमेरितो दे लास आमेरिकास’ ही आपली निवासी शाळा बंद करून तिच्या आवारात नवे केंद्र उघडले. स्पॅनिश नव्याने शिकणाऱ्यांचे प्रशिक्षण साधारण सहा आठवड्यांचे असते व त्यातला पहिला आठवडा हल्ली घरूनच ऑनलाइन होतो. तेथे जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी, ती म्हणजे एवढ्या दिवसांत स्पॅनिश येत नाही. मोडकी स्पॅनिश बोलण्याची लाज मात्र जाऊ शकते, आणि दिवसाची आखणी त्याच हेतूने करावी.

शरीराची व्यवस्था लावणे त्यामानाने सोपे आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर असल्यामुळे पहिले दोन-तीन दिवस जिना चढतानाही धाप लागते आणि डोके जड राहते. तेव्हा व्यायामाच्या तासाला पहिल्याच दिवशी फुटबॉलच्या मैदानात उतरून शौर्य दाखवू नये, सावकाश चालावे आणि पाणी भरपूर प्यावे. हे पाणी नळाचे नसावे. मेक्सिकोत घरोघरी २० लिटरचा शुद्ध पाण्याचा जार असतो, त्याला ‘गाराफोन’ म्हणतात. दात घासण्यासाठीही सुरुवातीला तेच पाणी घेतलेले चांगले. भोजनगृहात राजमा, भात, तोर्तिया आणि कमी-अधिक तिखट साल्सा समोर येतो. चहा, कॉफी आणि मद्य चर्चच्या नियमानुसार वर्ज्यच असल्यामुळे सकाळी जाग येण्यासाठी कपाचा आधार मिळत नाही. तो झोपेतूनच मिळवावा लागतो.

उठण्याची वेळ साडेसहाची आणि दिवे मालवण्याची साडेदहाची. या दोन वेळांच्या मध्ये वर्ग, स्वाध्याय, जेवण, व्यायाम आणि पुन्हा वर्ग इतके घट्ट बसवलेले असते की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वार कोणता हेही आठवत नाही. अशा वेळी पुष्कळ जण रात्री दिवे मालवल्यावर पांघरुणात शब्दांची कार्डे पाठ करत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वर्गात मान टाकतात. माझ्या मते तो शुद्ध तोटा आहे. रात्रीचा अर्धा तास मिळवून दुपारचे तीन तास घालवण्यापेक्षा जेवणाच्या रांगेतली दहा मिनिटे वापरावीत: समोरच्या पदार्थाचे नाव वाढणाऱ्यालाच विचारावे, त्याने सांगितले की लगेच त्या शब्दाचे एक वाक्य करून त्यालाच ऐकवावे. तो हसला तरी चालेल. त्याने दुरुस्त केलेला शब्द कार्डावरच्या दहा शब्दांपेक्षा पक्का बसतो.

खरी परीक्षा जोडीदाराची असते. प्रत्येक प्रचारकाला दुसरा प्रचारक जोडून दिलेला असतो, आणि स्नानगृह सोडले तर दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहावे असा नियम आहे. ज्याची कालपर्यंत ओळखही नव्हती असा माणूस आज शेजारच्या पलंगावर घोरतो, बूट घालायला सात मिनिटे लावतो, आणि आपल्याला आलेले उत्तर वर्गात आपल्या आधी देऊन मोकळा होतो. एकान्त मिळत नाही, तेव्हा राग काढायलाही जागा नसते. यासाठी आठवड्यातून एकदा दोघांनी बसून आपल्या कामाचा आणि नात्याचा हिशेब करण्याची पद्धत आहे. ती औपचारिकता समजून ‘सगळे ठीक आहे’ म्हणून उरकू नये. पहिल्यांदा स्वतःची एक चूक सांगावी, तीही ठोस: ‘मंगळवारी तू प्रार्थनेत अडखळलास तेव्हा मी तुझे वाक्य पूर्ण केले, ते करायला नको होते.’ त्यानंतर जोडीदाराकडे एकच मागणी ठेवावी आणि तीही दुसऱ्या दिवशी पाळता येईल इतकी लहान असावी. तक्रारींची यादी घेऊन बसलात तर पुढचा आठवडा मुका जातो, आणि मुक्या जोडीला शिकवता येत नाही, कारण प्रत्येक पाठ दोघांनी आळीपाळीने बोलून द्यायचा असतो.

भाषेचा आरंभ प्रार्थनेपासून करावा, कारण दिवसाकाठी ती अनेकदा करावी लागते आणि तिचा साचा ठरलेला असतो. ‘पाद्रे सेलेस्तियाल’, म्हणजे स्वर्गीय पित्या, अशी हाक. ‘ते दामोस ग्रासियास’ म्हणून आभार. ‘ते पेदिमोस’ म्हणून मागणे. आणि येशू ख्रिस्ताच्या नावाने शेवट. एवढ्या चार खुंट्या पक्क्या झाल्या की त्यांवर रोज नवे दोन-तीन शब्द टांगता येतात. इथे एक मौज आहे. मिशनरी इतर लोकांशी आणि आपल्या जोडीदाराशीही ‘उस्तेद’ या आदरार्थी सर्वनामाने बोलतात, देवाला मात्र ‘तू’ म्हणतात, आणि मराठी व स्पॅनिश या दोन्ही भाषांचे मूळ एकच असल्यामुळे स्पॅनिशमधले एकेरी सर्वनामही ‘तू’ असेच आहे. मास्तरांना ‘तुम्ही’ आणि विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या माणसाला यात समजावण्यासारखे काही नाही. पण ज्यांच्या रोजच्या बोलण्यात एकच ‘यू’ आहे, ती मुले पहिले दोन आठवडे देवाला अहो-जाहो करतात आणि शिक्षकांना अरे-तुरे. ही चूक सुधारण्याचा सोपा उपाय असा की दोघांनी आपापसांतले मामुली बोलणे, म्हणजे साबण मागणे, खिडकी लावायला सांगणे, हेसुद्धा ‘उस्तेद’नेच करावे. पहिल्या दिवशी नाटकी वाटते. नंतर जीभ वळते.

पहिल्याच आठवड्यात एका ‘जिज्ञासू’ व्यक्तीला स्पॅनिशमधून शिकवण्याचा प्रसंग येतो. ही व्यक्ती बहुधा तुमचे शिक्षकच असतात. ते भूमिका वठवतात आणि त्या अर्ध्या तासात ओळख अजिबात देत नाहीत. सगळा पाठ कागदावर लिहून नेऊन वाचून दाखवण्याचा मोह होतो, तो टाळावा. समोरचा माणूस मध्येच आजारी आईबद्दल काही सांगू लागतो आणि कागदावर तर पुढचे वाक्य संदेष्ट्यांविषयीचे असते. ते वाचले गेले की खोलीत जी शांतता पसरते ती बरेच दिवस लक्षात राहते. त्यापेक्षा तळहाताएवढ्या चिठ्ठीवर पाच शब्द आणि तीन प्रश्न न्यावेत, आणि ‘नो एन्तिएन्दो’, म्हणजे मला समजले नाही, हे वाक्य न घाबरता वापरावे. उच्चार मात्र आधी जोडीदाराला ऐकवून घ्यावेत. स्पॅनिशमध्ये ‘पेकादो’ म्हणजे पाप आणि ‘पेस्कादो’ म्हणजे खाण्याची मासळी. एका ‘स’ने घोटाळा केला की पश्चात्तापाच्या पाठात तुम्ही समोरच्याला त्याची सगळी मासळी धुऊन निघेल असे आश्वासन देऊन बसता. असे झाले तर त्याच्याबरोबर हसून पुढे जावे, कारण माफी मागण्याइतकी स्पॅनिश अजून आलेली नसते.

रविवारच्या सभेसाठी प्रत्येकाने छोटे भाषण तयार ठेवायचे असते आणि कोणाचे नाव पुकारले जाईल हे आयत्या वेळीच कळते. नाव येणार नाही या आशेवर राहण्यापेक्षा शनिवारी जोडीदारासमोर उभे राहून एकदा बोलून घ्यावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपवास असतो, त्या दिवशी मैदानी उत्साह आवरावा.

आठवड्यातला एक दिवस ‘पी-डे’, म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुणे, खोली आवरणे, पत्रे लिहिणे आणि घरी बोलणे ही कामे त्यात बसवायची असतात. २०१९पूर्वी घरी फोन करण्याची मुभा वर्षातून मोजून दोनदा असे. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. पांढरे सदरे यंत्रात टाकण्याआधी कॉलर साबणाने चोळावी, आणि ते फिरत असताना मेल लिहावेत. कॉल शेवटी ठेवावा. आधी केला तर उरलेला दिवस घरच्या आठवणीत जातो आणि सदरे यंत्रातच चुरगळून राहतात. कॉलवर एखादी प्रार्थना आईवडिलांना स्पॅनिशमधून ऐकवावी. त्यांना ती कळणार नाही, म्हणून तुम्ही थांबणारही नाही.

शेवटच्या आठवड्यात सामान बांधताना एक वही वर ठेवावी. तिच्यात जी वाक्ये बोलायची होती पण आली नाहीत, ती तारखेनिशी लिहिलेली असावीत. सेवेच्या जागी पोहोचल्यावर पहिले १२ आठवडे एक अनुभवी जोडीदार प्रशिक्षक म्हणून सोबत असतो; पहिल्या संध्याकाळी तो विचारतोच की काय येते. तेव्हा त्याला ही वही द्यावी आणि पहिल्या पानापासून सुरुवात करावी.