बेसबॉल स्काऊटिंगला नवीन आलात? हरलेल्या टीममधली पोरं कशी बघायची ते सांगतो

ज्युनिअर लेव्हलला स्काऊटिंग (होतकरू खेळाडू हेरायचं काम) किंवा कोचिंग सुरू केलेल्या नवीन माणसाची एक ठरलेली सवय असते, ड्रॉ हातात आला की फायनलला कोण जाणार ते आधी हेरायचं आणि सेमीफायनलपासून वही उघडायची. माझं ऐकाल तर पहिल्या दिवशीच्या मॅचेस अजिबात चुकवू नका. नॉकआउटमध्ये पहिल्याच राऊंडला निम्म्या टीम बाहेर पडतात, त्यातली पोरं परत कधी दिसतील याचा भरवसा नसतो.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये गाजलेल्या शोहेई ओहतानीचंच बघा ना. जपानमध्ये हायस्कूलवाल्यांची कोशिएन म्हणून मोठी टूर्नामेंट असते, वर्षातून दोनदा, एक हरलात की घरी. ओहतानी तिथे एकही मॅच जिंकलेला नाही! 2011 च्या उन्हाळ्यात त्याची शाळा पहिल्याच मॅचला तेइक्योकडून 8-7 ने हरली, 2012 च्या वसंतातल्या टूर्नामेंटला ओसाका तोइनकडून 9-2, आणि त्या उन्हाळ्यात तर इवाते या त्यांच्या प्रांताची पात्रता फायनल हरल्यामुळे कोशिएनपर्यंत पोचलेच नाहीत. ती 9-2 वाली मॅच स्कोअरकार्डवर वाचली तर वाटेल पोरगं गेलं कामातून, वॉक (चार वाईट बॉल टाकले की बॅटरला फुकट बेस) आणि अंगाला लागलेले बॉल मिळून तब्बल 11 जणांना बेस बहाल केलाय. पण त्याच मॅचमध्ये त्याने 11 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर आउट) काढले होते आणि ओसाका तोइनचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, फुजिनामी याला होमरन ठोकला होता. पुढे इवातेच्या सेमीफायनलला बॉल ताशी 160 किमीने टाकला. फुजिनामीने त्या वर्षी वसंत आणि उन्हाळा दोन्ही टूर्नामेंट जिंकल्या, प्रो झाल्यावर पहिली तीन वर्षं दणक्यात खेळला, मग कंट्रोलने दगा दिला. त्याला निवडणारे काही वेडे नव्हते, त्या वयात तो खरंच भारी होता. मुद्दा इतकाच की ट्रॉफी कुणाकडे गेली यावरून या दोघांमधलं पुढचं काहीच कळलं नसतं.

बारा वर्षांच्या पोरांमध्ये तर अजून गोंधळ. लिटल लीगच्या, म्हणजे लहान पोरांच्या लीगच्या ग्राउंडवर पिचरपासून बॅटरपर्यंतचं अंतर 46 फूट, मोठ्यांचं 60 फूट 6 इंच, आणि दोन बेसमधलं अंतर 60 वरून 90 फुटांवर जातं. म्हणजे ज्याची उंची लवकर वाढली, आवाज फुटला, तो 46 फुटांवरून सगळ्यांना उडवतो आणि टूर्नामेंटचा हिरो होतो, मग दोन-तीन वर्षांत बाकीचे उंचीला गाठतात, अंतर वाढतं आणि गाडी अडते. त्यामुळे मी आधी जन्मतारीख बघतो, मग मनगटं, खांदे, पावलं. हडकुळा पण पाय मोठे, हाताची मूव्हमेंट सैल असा पोरगा आज मार खात असला तरी त्याच्या नावापुढे खूण करतो. आणि या वयात नुसत्या कर्व्हबॉलवर (हवेत वळणाऱ्या बॉलवर) मॅचेस काढणारा पिचर दिसला तर जरा सावध, समोरच्या पोरांना अजून तो बॉल वाचताच येत नाही हो.

आता एरर (फील्डिंगमधली चूक) झाल्यावर काय बघायचं. समजा शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) दोन पायांमधून ग्राउंडर (जमिनीवरून येणारा बॉल) गेला, रन झाला, सगळे ओरडतायत. बॉल मागे धावून आणणाऱ्याकडे तुम्ही बघू नका, शॉर्टस्टॉपवरच नजर ठेवा. ग्लोव्हकडे रागाने बघतोय, डगआउटमध्ये बापाला शोधतोय, का पुढच्या पिचआधी (पिच म्हणजे पिचरने टाकलेला बॉल) परत गुडघे वाकवून तयार उभा आहे? पुढचा बॉल त्याच्याकडेच आला तर पहिलं पाऊल किती लवकर पडतं? आणि एरर कशामुळे झाला ते वेगळं लिहा. लांबचा बॉल होता जिथे दुसरा कुणी पोचलाच नसता, पण हा पोचला आणि हातातून निसटला, तर स्कोअरबुकात त्याचा एरर लागू शकतो आणि माझ्या वहीत तो प्लस आहे. रडला तर रडला, त्याला मी एक मार्कही कमी करत नाही, बारा वर्षांचं पोर आहे ते.

पिचर कोसळला तर आधी किती बॉल टाकलेत ते विचारा. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट गाइडलाइननुसार 11-12 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 85 पिच, आणि 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस आराम. टूर्नामेंटच्या नादात कोच लोक हे सर्रास ताणतात. पाचव्या इनिंगला कोपर खाली यायला लागलं, बॉल वर राहायला लागला की समजायचं पोरगं दमलंय, यावरून "प्रेशर झेपत नाही" असं लिहून मोकळं होऊ नका. खरं तर अशा वेळी ग्रेडच देऊ नये, त्याला परत ताज्या हाताने बघावं.

ग्रेडचं सांगायचं तर 20 ते 80 ची पट्टी असते, 50 म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. प्रत्येक गोष्टीला दोन आकडे द्यायचे, आजचा आणि पुढचा. चौदा वर्षांच्या पोराला आजचा 50 दिलात तर तुमचे सीनियर हसतील. पुढच्या आकड्यामागे कारण लिहा, नुसतं "पोटेन्शियल आहे" म्हणजे काहीच नाही.

आणि चुकणार तुम्ही, सगळेच चुकतात. 1999 च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगच्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पुढे मोठा स्टार झालेला अल्बर्ट पुहोल्स तेराव्या राऊंडपर्यंत पडून होता, माइक पियाझाला 1988 मध्ये 62व्या राऊंडला घेतलं होतं, आता तर ड्राफ्टच 20 राऊंडचा आहे. होसे अल्तुवेला मेजर लीगमधल्या ह्युस्टन अ‍ॅस्ट्रोजच्या ट्रायआउटमधून बुटका म्हणून घरी पाठवलं होतं, तो दुसऱ्या दिवशी परत गेला आणि 15 हजार डॉलरवर साइन झाला, 2017 ला एमव्हीपी, म्हणजे त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

राहिले पालक. मॅच हरली की पार्किंगमध्ये गाठून विचारतातच, "सर, आमचा प्रो होईल का?" तिथे हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका, त्या दिवशी पोराच्या कानावर जे पडतं ते पुढे वर्षभर त्याच्या डोक्यात राहतं. मी एवढंच सांगतो की आज मला अमुक आवडलं, अमुक कच्चं वाटलं, पुढच्या सीझनला परत येतो बघायला. आणि येतो म्हटलंत तर मात्र नक्की जा.