घाईची किक मारू नका: पार्किंगमधली आरएक्स १०० जागी करताना

ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, पार्किंगच्या कोपऱ्यात पाण्याच्या पंपाशेजारी एखादी यामाहा आरएक्स १०० धूळ खात उभी सापडतेच. घरातल्या कुणीतरी लहानपणी तिच्या टाकीवर पुढे बसून तलावपाळीची फेरी मारलेली असते. मोटरसायकलचं वेड तिथूनच लागलेलं, म्हणून तर ती भंगारात जात नाही. मग एका रविवारी हुक्की येते, चावी सापडते, टाकीत अर्धा लिटर पेट्रोल पडतं आणि धडाधड किका सुरू होतात. इतकी वर्षं नुसतं उभं राहून झालं नसेल तेवढं नुकसान त्या दहा मिनिटांत होतं.

१९८५ ते १९९६ या काळात निघालेलं हे ९८ सीसीचं इंजिन टू-स्ट्रोक आहे. क्रँकखाली ऑइलचा साठा नसतो. पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला जे वंगण मिळतं ते पेट्रोलसोबत आत येणाऱ्या टू-टी ऑइलचं, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठीच्या खास तेलाचं. आठ-दहा वर्षं उभ्या गाडीत तो थर सुकून जातो आणि खाडीच्या दमट हवेनं बोअरला, म्हणजे पिस्टन सरकतो त्या नळीच्या आतल्या भिंतीला, गंजाची पुटं चढतात. अशात किक मारली की गंजाचे कण रिंगांखाली घासतात आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर उभे ओरखडे उठतात. तेव्हा किक सगळ्यात शेवटी.

पहिल्या दिवशी एवढंच करा: स्पार्क प्लगच्या आजूबाजूची माती ब्रशनं झाडा, प्लग काढा, भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिली, टू-टी ऑइल आत सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर घेऊन चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हातानं हळूहळू फिरवा. पिस्टन सरकला तर उत्तम. अडला तर चाकाला लटकू नका, ऑइल घालून आणखी दोन-तीन दिवस थांबा. तरीही हलला नाही तर हेड उघडावंच लागेल. पिस्टन ठोकून खाली ढकलण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता टाकी. जुनं पेट्रोल वार्निशसारखं चिकट झालेलं असतं. ते डब्यात काढा, गटारात ओतू नका. टॉर्च मारून आत पाहा. गंज असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून ते भोक बंद करा आणि साबणाच्या पाण्यानं टाकी दोन-तीनदा धुवा, पेट्रोलचा वास जाईपर्यंत. नंतर कोमट पाण्यात लिटरला १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा आणि एक दिवस ठेवा. पापुद्रे जाड असतील तर मूठभर नट टाकून हलवायचे, पण मोजून टाका आणि मोजून काढा. एक जरी आत राहिला तर प्रत्येक वळणावर वाजत राहील. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं खळबळून उन्हात पूर्ण सुकवा आणि लगेच थोडं टू-टी ऑइल आत फिरवा. नुसतं सुकवून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तांबूस झाक परत आलेली दिसते.

पेट्रोलचा पाइप आणि कॉकचे रबरी वॉशर न विचारता बदला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. त्यानं जुनं रबर फुगतं, शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. एअर फिल्टरचा फोमही हातात घेतल्यावर भुगा होतो, तोही नवा घाला. डब्यात उंदराचं घरटं नाही ना, एवढं बघून घ्या.

कार्ब्युरेटर मिकुनीचा, साधा आणि प्रेमळ. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत घट्ट करत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. काहीच आठवत नसेल तर पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर, तिथून सुरुवात. फ्लोटची वाटी उघडली की तळाशी हिरवट-तपकिरी राळ दिसेल. दोन्ही जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी नळ्या, काढून उजेडाकडे धरा. छोट्या पायलट जेटमधून टाचणीच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसला पाहिजे. बुजतो तो हाच, कारण भोक सगळ्यात बारीक. तारेनं खरवडू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की गाडी आयडलला कधीच धड राहत नाही. कार्ब क्लीनर मारा, तासभर थांबा, मग हवा मारा.

ऑइलची वेगळी टाकी आणि पंप अजून जागेवर असेल तर जुनं ऑइल काढून नवं भरा आणि पंपावरचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा जाऊ द्या. पुष्कळ गाड्यांचा पंप मेकॅनिकनं केव्हाच बंद करून टाकलेला असतो. काहीही असलं तरी पहिल्या लिटरमध्ये ३० मिली टू-टी मिसळाच. पंप नीट चालतो हे कळेपर्यंत तोच विमा.

गिअरचं ऑइल काढल्यावर दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा. पार्किंगमध्ये पावसाचं पाणी भरत असेल तर हे हमखास. तेव्हा नवं ऑइल घालून थोडं चालवा आणि परत बदला. प्लग नवा घ्या, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी रबर दगड झालेलं असतं, ट्यूबसकट बदला. ब्रेक शू, केबल, चेन हे कुठलाही मेकॅनिक करेल.

आता किक. गाडी पार्किंगमधून उघड्यावर आणा, कारण सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळताना पहिली दहा मिनिटं निळसर धूर निघतो आणि वरच्या मजल्यांवर कपडे वाळत असतात. चोक ओढा, थ्रॉटल बंद. पायाखाली दाब लागेपर्यंत किक हळू खाली न्या, वर येऊ द्या, मग एकच पूर्ण किक.

चालू झाल्यावर इंजिनकडे कान द्या. थ्रॉटल सोडूनही आवाज चढत गेला तर लगेच बंद करा. डाव्या बाजूचं, मॅग्नेटकडचं क्रँक सील कडक होऊन हवा खेचतंय. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जाम होतं. धूर पंधरा-वीस मिनिटांनीही दाट पांढरा राहिला आणि गिअर ऑइल कमी होत गेलं, तर क्लचकडचं उजवं सील गेलंय, इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितंय. सीलं स्वस्त असतात, मजुरी महाग. म्हणून एक गेलं की दोन्ही बदलून घ्या.

पहिली फेरी घोडबंदरला नको, गायमुखच्या चढावर ट्रकमध्ये अडकाल. पोखरण रोड, उपवन, घरी, एवढं पुरे. येऊरचा मोह नंतर, आणि तिथे गेलात तर उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर घरंगळू नका. थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही जवळपास बंद. मधूनमधून हलका पीळ द्या. सायलेन्सरमधला आवाज दाबणारा बॅफल काढून तर जाऊच नका, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.

कागदांचं बघितल्याशिवाय रंगाला हात लावू नका. नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५. सोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ लागतो. तपासणीत चासी नंबर बघतात आणि रंगारी नेमकी त्यावरच पुट्टी भरतो. हँडलच्या मानेजवळचे ते आकडे रंगाआधी पेन्सिलीनं कागदावर उतरवून घ्या आणि त्यावर टेप चिकटवूनच गाडी त्याच्या ताब्यात द्या.