ऋतू बदलला, कृती तीच ठेवली: घरच्या स्वयंपाकातल्या या चुका टाळा

वर्षभर छान लागणारं दही थंडी पडताच पातळ राहतं. दमट हवा सुरू झाली की सकाळी तळलेलं संध्याकाळपर्यंत सादळतं. उकाड्यात ब्रेडचं पीठ झाकण ढकलून बाहेर येतं. अशा वेळी आपण आधी साहित्याला नावं ठेवतो, मग स्वतःच्या हाताला. पण कृतीत ‘रात्रभर’, ‘तासभर’, ‘खोलीच्या तापमानाला’ असं जे लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्याच्या ओट्यावरच्या हवेला धरून असतं. त्याच्याकडे २२ अंश होते आणि तुमच्याकडे ३४ असतील, तर त्या तासाला काही अर्थ उरत नाही. म्हणून घड्याळ बाजूला ठेवून पदार्थाकडे बघायचं. काय बघायचं, ते खाली एकेक करून.

थंडीत विरजण वाढवत नेणं

दह्याचे जिवाणू ४० ते ४५ अंशांच्या आसपास सगळ्यात जोमाने वाढतात. थंडीत कोमट दुधाला विरजण लावलं तरी थोड्या वेळात भांडं गार होतं आणि त्यांचं काम रेंगाळतं. मग हमखास केला जाणारा उपाय म्हणजे चमचाभराच्या जागी तीन चमचे विरजण. त्याने दही लागतं खरं, पण आंबट लागतं आणि वर निवळी साचते. कमी पडली होती ती ऊब.

भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या. दुधात बोट बुडवलं की चांगलं गरम लागावं, पण चटका बसून ओढून घ्यावं लागू नये. विरजण थोड्या दुधात फेटून मग सगळ्यात मिसळा, भांडं जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि बंद ओव्हनमध्ये किंवा कपाटात ठेवून द्या. ओव्हन चालू करायचा नाही, फार तर आतला दिवा लावा. लागत असताना हलवून बघायचा मोह आवरा. घाईने कढत दुधात विरजण घालणं ही उलटी चूक. दूध साधारण ५५ अंशांच्या वर असेल तर जिवाणू मरायला लागतात आणि सकाळी भांड्यात दूधच सापडतं.

उकाड्यात हेच दही चार-पाच तासांत लागून मोकळं होतं. तेव्हा रात्री लावून सकाळपर्यंत बाहेर ठेवलं तर ते आंबट होणारच. दिवसा लावा आणि लागलं की लगेच फ्रिजमध्ये टाका. आणि हवा कशीही असली तरी दही पातळच होत असेल, तर दूध नीट तापत नसावं. ८५ अंशांच्या आसपास काही मिनिटं तापलेल्या दुधातली प्रथिनं उलगडतात आणि मग दही घट्ट बसतं. नुसतं कोमट करून लावलेलं तसं बसत नाही.

पीठ किती वेळ ठेवायचं हे कृतीला विचारणं

यीस्टच्या पिठाला २४ ते २७ अंश मानवतात. त्यापेक्षा दहा अंश वर गेलं की आंबण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे ‘दीड तास ठेवा’ ही सूचना उन्हाळ्यात खूप जास्त आणि हिवाळ्यात खूप कमी ठरते. पिठाचा आकार बघा, आणि शेवटी बोट बघा: कोरडं पीठ लावलेलं बोट अर्ध्या पेरापर्यंत दाबा. खड्डा लगेच उसळून भरला, तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवटच भरला, तर पीठ तयार. अजिबात भरला नाही आणि पीठ खाली बसलं, तर वेळ टळून गेली. तरी टाकून देऊ नका. हवा काढून पुन्हा आकार द्या, या वेळी थोडाच वेळ ठेवा. बहुतेक वेळा ब्रेड निभावतो.

उकाड्यात गार पाण्याने मळायचं आणि यीस्ट थोडं कमी घ्यायचं. थंडीत पाणी कोमट हवं, पण कढत पाण्याने यीस्ट मरतं. पावसाळी हवेत पिठानेच थोडा ओलावा ओढलेला असतो, म्हणून शेवटचे दोन-तीन चमचे पाणी हातात राखून ठेवा. चिकट झालेल्या पिठात कोरडं पीठ ढकलत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

उकाड्यात कडधान्य रात्रभर बाहेर भिजत घालणं

सकाळी पाण्यावर फेस दिसतो, आंबूस वास येतो. बारा तास गरम हवेत पडलेलं पाणी आंबायला लागलेलं असतं. रात्रभर भिजवायचंच असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर दिवसा पाच-सहा तास भिजवा. ते पाणी ओतून टाका आणि शिजवायला ताजं घ्या.

भिजवूनही गणंग राहत असतील तर दोन गोष्टी तपासा. पहिली, टोमॅटो किंवा दुसरं काही आंबट आधीच पडलंय का. आंबटपणात दाण्याचं साल मऊ पडत नाही, म्हणून आंबट शेवटी. दुसरी, दाणे किती जुने आहेत. गरम आणि दमट जागी महिनोन्‌महिने राहिलेलं कडधान्य कितीही शिजवलं तरी कडक राहतं, आणि त्यावर चिमूटभर सोड्यापलीकडे फारसा इलाज नाही.

राजम्याच्या बाबतीत मात्र चालढकल नको. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते नष्ट व्हायला भिजवल्यानंतर ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळी लागते. काही ठिकाणी अर्धा तास उकळायचा सल्ला देतात आणि तो पाळायला काही हरकत नाही. थंडीत स्लो कुकरमध्ये सगळं एकदम टाकून विसरून जाण्याची पद्धत इथे धोक्याची, कारण त्यातलं तापमान कधीकधी उकळीपर्यंत पोचतच नाही. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. आधी गॅसवर उकळा, मग हवं तर स्लो कुकरमध्ये घाला.

वाफेवर मसाल्याची बरणी धरणं

ही सवय जवळजवळ प्रत्येक घरात असते. पातेलं रटरटतंय, आपण बरणी उघडतो आणि थेट वरून मसाला भुरभुरतो. तेवढ्यात बरणीत वाफ शिरते. कोरड्या हवेत ती निभावून जाते, पण पावसाळ्यात आठवड्याभरात आत गुठळ्या होतात, वास उतरतो, कधी बुरशीही धरते. मसाला आधी वाटीत किंवा तळहातावर काढून घ्या. चमचाही कोरडाच हवा.

तळलेलं सादळण्याचं कारण बऱ्याचदा हवेपेक्षा आपली घाई असते. गरम असतानाच डब्यात भरलं की त्याच्याच वाफेने ते मऊ पडतं. जाळीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग घट्ट झाकणाचा डबा. सादळलंच तर ओव्हनमध्ये १५० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये बहुतेकदा ते आणखी वातड होतं.

भाजी वर्षभर एकच समजणं

तांदूळ नवा असेल तर पाणी कमी, जुना असेल तर जास्त. पोतं बदललं आणि भात अचानक आसट व्हायला लागला, तर आधी हीच शंका घ्या. गाजर, पालक, कोबी कडक थंडीत गोड होतात, कारण गारठ्यापासून वाचायला झाडं स्टार्चची साखर करतात. तेव्हा सूपमध्ये सवयीने साखर टाकण्याआधी चाखून बघा.

बटाट्यात हीच गोष्ट त्रासाची होते. फ्रिजमध्ये किंवा फार गार जागी ठेवलेल्या बटाट्यात साखर साचते, आणि तळताना तो आतून शिजायच्या आत बाहेरून काळपटतो. तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवूच नका. गार जागेतून आलेले असतील तर काही दिवस अंधाऱ्या, साध्या तापमानाच्या जागी राहू द्या.

टोमॅटोचंही असंच. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ५ अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोतला सुगंध घटतो आणि नंतर बाहेर ठेवूनही पुरता परत येत नाही. पिकलेला टोमॅटो दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर ओट्यावरच बरा. आणि मोसम नसताना फिक्या, पाणचट टोमॅटोंचं सूप करण्याचा हट्ट कशाला? तेव्हा डबाबंद टोमॅटो सरळ सरस असतात. टोमॅटो पेस्ट असेल तर ती तेलात गडद होईपर्यंत परतून घ्या.

मोठं पातेलं ओट्यावरच निवू देणं

थंडीत आपण हात सैल सोडून सूप करतो, दोन दिवस पुरेल इतकं. गॅस बंद करतो, झाकण ठेवतो आणि झोपतो. बाहेर गारठा आहे, काय होणार, असं वाटतं. पण दाट सुपाचं भरलेलं पातेलं मधोमध कित्येक तास कोमट राहतं. साधारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू वाढतात, आणि मांसाच्या रश्शात सापडणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स तर ४३ अंशांच्या आसपास झपाट्याने वाढतो. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त आणि चिवट रूपं, उकळीत टिकून राहिलेले असतात. म्हणजे ‘चांगलं उकळलं होतं’ हे उत्तर पुरेसं नाही.

सूप उथळ भांड्यांत, दोन इंचांपेक्षा कमी जाडीच्या थरात ओता. घाई असेल तर भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जायला हवं, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एका तासात. किंचित कोमट पदार्थ फ्रिजमध्ये ठेवल्याने फ्रिज बिघडत नाही. भाताला हा नियम आणखी कडक लावा. बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू गरम जागी ठेवलेल्या भातात जे विष सोडतो, त्यातलं एक पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रभर बाहेर राहिलेला भात परतून खाऊ नका, टाकून द्या.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधलं सूप घट्ट गोळा झालेलं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. गार होताना स्टार्च आळतं, हाडांचा रस्सा असेल तर जिलेटिनही बसतं. आधी नुसतं गरम करा आणि मगच पाणी घालायचं का ते ठरवा. गार असतानाच पाणी ओतलं तर गरम झाल्यावर ते बेचव पाणी होतं.

गरम असताना चाखून गार वाढणं

विरघळलेलं आइसक्रीम फार गोड लागतं ना? गारव्यात जिभेला गोडवा कमी जाणवतो. म्हणून उन्हाळ्यात थंड करून खायची फळांची पेयं, खिरीसारखे गोड पदार्थ यांची गोडी गरम असताना बेताची वाटली तर गार झाल्यावर कमी पडते. गार सूप आणि गार भाताचे पदार्थही मिळमिळीत लागतात. मीठ, लिंबू, साखर यांचा शेवटचा हात फ्रिजमधून काढल्यावर फिरवा, आणि त्यासाठी थोडं मीठ आधी मुद्दाम कमीच ठेवा.